चौथा सॅटेलाइट

१ जानेवारी १९९९, शुक्रवार, सकाळी ६.१०

काल रिटायर झालो. कुपवाडच्या पंपाच्या कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला बत्तीस वर्षं. निरोप समारंभात साहेब म्हणाले, यांच्या ड्रॉइंगमध्ये कधी अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला नाही. एकदा झाला होता, ८३ साली. पण ती मशीनवरच्या माणसाची चूक.

संकल्प. रोज पहाटे पाच किलोमीटर चालणे. साखर बंद. रोजनिशी नेमाने लिहिणे, महत्त्वाचं एकूण एक यात उतरवणे. आणि पुतण्या अनीशने कॅलिफोर्नियाहून पाठवलेलं यंत्र शिकून घेणे.

यंत्र म्हणजे, आकाशातल्या उपग्रहांवरून आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत ते सांगणारं. हातात मावतं. विटेएवढं आहे, पण मावतं. अनीशने तिथे पाच-सहा वर्षं वापरलेलं. अमेरिकेत जुनं म्हणजे आपल्याकडे नवंच.

सौ. म्हणाली, आपण विश्रामबागेत आहोत हे मला यंत्राशिवाय माहीत आहे. आणि मग आमच्या लग्नातलं ते परत काढलं. वऱ्हाडाची गाडी मी तासगावऐवजी कवठेमहांकाळला नेली होती, ते. अठ्ठावीस वर्षं झाली. तेव्हाही सांगितलं होतं, आताही लिहून ठेवतो, फाटा चुकला तो ड्रायव्हरमुळे. मी फक्त हात दाखवला होता.

चालणं सोमवारपासून.

१० जानेवारी, रविवार

गच्चीवर तीन तास. कमीत कमी चार सॅटेलाइट लागले की जागा पक्की. तीन पटकन लागतात, चौथा नखरे करतो. शेवटी लागला. आकडे घेऊन नकाशावर बसवले, तर मी मागच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत उभा होतो. मी गच्चीवर होतो याबद्दल मला तरी शंका नाही.

गणपती पेठेत जैनुद्दीनकडे गेलो. रेडिओ दुरुस्तीचं दुकान, शिवाय स्वतः हौशी रेडिओवाला, दुकानात बसून मद्रास-बंगलोरच्या लोकांशी बोलतो. तो म्हणाला, चिंतामणराव, अमेरिकेचं लष्कर सामान्य लोकांसाठी मुद्दाम चूक मिसळून पाठवतं, शंभर मीटरपर्यंत. शत्रूला उपयोग होऊ नये म्हणून. मी म्हणालो, आपण कुठे शत्रू आहोत. तो म्हणाला, पोखरणनंतर काय सांगावं.

मला पटलं नाही. सांगलीतल्या रिटायर माणसाला फसवायला वॉशिंग्टनमध्ये कुणी बसलं असेल असं वाटत नाही. नकाशात गिरणीची जागाच चुकलेली असणार.

आज 'सांगली हौशी उपग्रह दिशादर्शन मंडळ' स्थापन केलं. अध्यक्ष मी. चिटणीस व्हायला जैनुद्दीन तयार नाही. चहाला येईन म्हणाला.

२१ फेब्रुवारी

आमच्या मुलीचं, अबोलीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, तिच्या तिथल्या ऑफिसातला. १२ डिसेंबर. चांगली बातमी, पण सौ.ने लगेच दुसरा विषय काढला. कुलदैवत.

आमचं घराणं मूळचं वडूजकडचं. कुलदैवत म्हणजे तिथल्या डोंगराच्या माळावरचा एक दगड. देऊळ नाही. नाव नाही, 'माळावरचा' म्हणतात. शेंदूर लावायचा नाही, चौथरा बांधायचा नाही, असा घराण्याचा नेम. लग्नाची पहिली पत्रिका तिथे ठेवायची, मग बाकीच्यांना. ठेवली नाही तर काय होतं ते कुणी सांगत नाही, कारण आजवर ठेवली नाही असं झालेलं नाही.

माळावर दगडच दगड, प्रत्येक भावकीचा देव वेगळा. आमचा कोणता, ते आज एकट्या आबाकाकांना माहीत. वडिलांचे धाकटे भाऊ, वय चौऱ्याऐंशी, साताऱ्यात असतात, मूलबाळ नाही. थोरल्याने पुढच्याला जागेवर नेऊन दाखवायची, आणि पुढच्याने पायथ्यापासून दगडापर्यंतच्या खुणा तीनदा तोंडाने म्हणून दाखवायच्या, अशी पद्धत. लिहून कुणीच ठेवलेलं नाही. पाच पिढ्या हे चाललं आहे.

ही आपल्या लोकांची तऱ्हा. मी एका दिवसात शास्त्रशुद्ध करून टाकतो.

१८ एप्रिल, रविवार, रात्री ८

आजचा दिवस ऐतिहासिक.

साताऱ्याहून आबाकाकांना जीपमध्ये घेतलं, वडूजवरून पुढे. ऊन मरणाचं. सौ.चे गुडघे चढू देत नाहीत, ती पायथ्याला जीपमध्ये थांबली. काका काठी टेकत चढले. मी मागे, यंत्र दोन्ही हातांत.

काका वाटेभर बोलत होते. खडक, झाड, कुणाची तरी विहीर, सावली कुठे पडते वगैरे. जुन्या माणसांना बोलायला काही तरी लागतं. मी हो हो म्हणत होतो, कारण चौथा सॅटेलाइट लागत नव्हता.

दगडाशी पोचलो. साधा आहे, गुडघ्याएवढा. अगदी त्याच वेळी चौथा लागला. याला योगायोग म्हणत नाहीत. बटण दाबलं, जागा यंत्रात जमा. 'देव' असं नाव इंग्रजीत दिलं.

काका म्हणाले, आता तीनदा म्हणून दाखव. मी पडद्यावरचे अक्षांश-रेखांश तीनदा मोठ्याने वाचले. काकांनी पिशवीतून नारळ काढला. म्हणाले, चिंत्या, देवाला आकडं कळत न्हाईत. मी म्हणालो, देवाला कशाला कळायला हवेत, मला कळले म्हणजे झालं. मग त्यांनी नारळ फोडला.

आकडे इथे उतरवत नाही. यंत्र मग कशाला घेतलं?

वडूजला पिठलं-भाकरी. वजन ७४. चहा बिनसाखरेचा, एक कप सोडून.

२ मे

साताऱ्याहून आबाकाकांचा फोन. म्हणाले, पावसाच्या आत एकदा ये, परत जाऊ, तुझं ध्यान सगळं त्या डबीत होतं. मी समजावून सांगितलं की आता परत जाण्याची गरजच उरलेली नाही, हाच तर यंत्राचा फायदा. ते म्हणाले, बरं. नंतर म्हणाले, माझे पाय अजून चालत्यात.

म्हातारपणी माणसाला कुणी तरी येऊन जावं असं वाटतं. दिवाळीत जाऊन येईन.

११ जुलै

जैनुद्दीनकडून चमत्कारिक बातमी. हे उपग्रह तारीख मोजत नाहीत, आठवडे मोजतात. ६ जानेवारी १९८० पासून. मोजता येतात फक्त हजार चोवीस आठवडे, मग मोजणी परत शून्यावर. ती वेळ येते २२ ऑगस्टला, आपल्या पहाटे साडेपाचला. नवी यंत्रं सांभाळून घेतील, जुनी गोंधळतील, असं त्याचे मद्रासचे मित्र म्हणतात.

त्याने एवढंच विचारलं, माळावरचे आकडे कागदावर आहेत ना. मी म्हणालो, सगळं व्यवस्थित आहे. मी नाही म्हणालो नाही, एवढं लक्षात घ्यावं. घरी आल्यावर उतरवणार होतो, पण सेल उतरलेले होते. उद्या आणतो.

१५ ऑगस्ट

मंडळाचा पहिला जाहीर कार्यक्रम. ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान, 'उपग्रह दिशादर्शन बंद पडेल काय?' उपस्थिती नऊ, हॉलचा शिपाई धरून. मी ठामपणे सांगितलं की यंत्रणा बंद पडणार नाही, गाफील माणूस बंद पडेल. जहाजं, विमानं यांची काळजी सरकार करेल. हौशी लोकांनी फक्त तीन गोष्टी कराव्यात. माहिती पुस्तक वाचावं, घाई करू नये, महत्त्वाचे आकडे कागदावर उतरवून ठेवावेत. टाळ्या पडल्या.

एकाने विचारलं, तुमचे आकडे कुठे लिहिलेत. शेवटची बस गाठायची असल्याने प्रश्नोत्तरं आटोपती घेतली. हॉल घरापासून पाच मिनिटांवर आहे.

सेल आणले. कपाटात आहेत.

२२ ऑगस्ट, रविवार, पहाटे ५.१०

गच्चीवर. भुरभुर पाऊस, छत्री बांधून ठेवली आहे. यंत्र चालू. चारही सॅटेलाइट उत्तम. मन शांत.

५.३१. काही झालं नाही. म्हणालो होतोच.

५.३४. तारीख ६ जानेवारी १९८०. सॅटेलाइट शून्य.

५.५०. शून्यच. जैनुद्दीन म्हणाला होता, गोंधळलं तर उघड्यावर ठेवून द्या, दोन तास हात लावू नका. पण तो पडला रेडिओवाला. हात न लावता दुरुस्ती होते असं मी कुपवाडला बत्तीस वर्षांत पाहिलेलं नाही.

६.०५. माहिती पुस्तक उघडलं. पान ६१. दोन बटणं एकदम दाबून यंत्र चालू केलं की ते कारखान्यातून निघतानाच्या स्थितीत येतं. म्हणजे अगदी कोरं करकरीत. हेच पाहिजे.

६.१२. त्याने इंग्रजीत काही तरी विचारलं, हो की नाही. पाऊस चष्म्यावर. हो म्हटलं.

६.५५. चारही लागले. तारीख अजून १९८० दाखवतं, पण तारखेला भिंतीवर कॅलेंडर आहे. माझ्या समजुतीप्रमाणे या संकटातून स्वतःच्या हिमतीवर बाहेर पडलेला सांगली जिल्ह्यातला मी पहिला हौशी असेन.

दुपारी ३. जमा केलेल्या जागांची यादी उघडली. रिकामी आहे. दाखवत नसेल.

२३ ऑगस्ट

जैनुद्दीनने यंत्र तपासलं. दाखवत नाही असं नाही, नाहीच. म्हणाला, नुसतं थांबायचं होतं, बंगलोरवाल्याचं पाऊण तासात आपोआप आलं. मग विचारलं, कागदावर आहे ना. मी म्हणालो, बरंचसं.

अंश आणि मिनिटं मला पाठ आहेत. १७ अंश ३६ मिनिटं, ७४ अंश २८ मिनिटं. फक्त मिनिटाच्या पुढचा अपूर्णांक राहिला. जैनुद्दीनने पाठकोऱ्या बिलावर हिशोब केला. तेवढ्या आकड्यांत बसणारी जागा सव्वातीन चौरस किलोमीटर होते.

म्हणजे पृथ्वीचा विचार केला तर जवळजवळ सापडल्यासारखंच आहे. सौ.ला सांगितलेलं नाही. तिला उगीच बीपीचा त्रास.

५ सप्टेंबर, रविवार

एसटीने वडूज, पुढे वडापच्या खचाखच जीपने, मग चालत. सौ.ला सांगितलं मंडळाचं काम आहे. एप्रिलमध्ये उघडा बोडका असलेला माळ आता कमरेएवढ्या गवतात. गुडघ्याएवढे दगड दिसणार कसे. तरी अठरा शोधले. अठराही आमचे असू शकतात.

यंत्र उत्कृष्ट चालत होतं. मी कुठे आहे ते प्रत्येक पावलाला सांगत होतं.

काकांना फोन करायला हरकत नाही. पण आज रविवार, ते झोपले असतील.

२६ सप्टेंबर

परत गेलो. एकवीस दगड. त्यातले किती मागच्या अठरातले ते कळायला मार्ग नाही. खूण करायला हवी होती. एका खडकावर बसून डबा खाल्ला, तेव्हा वाटलं, हाच खडक काका म्हणाले असतील. समोरही तसलाच एक होता.

काकांना सांगायचं ठरवलं. पण आजपासून पितृपंधरवडा. असल्या दिवसांत म्हाताऱ्या माणसाला असलं बोलू नये. पक्ष संपला की.

१० ऑक्टोबर

घट बसले. नवरात्रात काका नऊ दिवस उपवास करतात, त्यात हा ताप नको. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नक्की. स्वतः जाऊन, पाया पडून सांगेन की परत दाखवा. बोलायची वाक्यंसुद्धा तयार आहेत.

१२ ऑक्टोबर, सातारा

सकाळी फोन आला, आबाकाकांना दवाखान्यात नेलंय, निघा. आलो.

खोलीत दहा-बारा माणसं. भावकी, शेजारी, काकू. काका खाटेवर वाळून गेलेले, पण शुद्धीवर. मला पाहून हात हलवला. मी वाकलो. म्हणाले, चिंत्या, जागा ध्यानात हाय न्हवं?

 सगळे माझ्याकडे बघायला लागले. भावकीतला एक जण तर पुढे सरकला, ऐकायला.

मी म्हणालो, अगदी पक्की.

ते म्हणाले, मग झालं. आणि डोळे मिटले.

एवढ्या लोकांत विचारणं बरं दिसलं नसतं. उद्या सकाळी लवकर जातो, तेव्हा काकू घरी अंघोळीला गेलेल्या असतात. एकटे असतील. विचारेन.

१३ ऑक्टोबर

पहाटे चारला गेले.

१४ ऑक्टोबर

काही लिहायचं नाही.

काकूंना विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, आवं, बायकांस्नी कुठं दावत्यात. त्येंनी तुमालाच दावली की.

८ नोव्हेंबर

पाडवा. सुतक फिटलं. पत्रिका छापून आल्या. सौ.ने पहिली बाजूला काढून हळदीकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवली आहे. म्हणाली, या खेपेला गुडघे गेले तरी चालतील, मी वर येणार. एकुलती एक मुलगी आहे.

मी म्हणालो, अवश्य. काय करू?

चालणं अजून सुरू झालेलं नाही. वजन ७७.

२१ नोव्हेंबर, रविवार, रात्री ९

गवत वाळलं होतं. सौ. माझ्या खांद्याला धरून चढली, दर पन्नास पावलांवर बसत. मी यंत्र धरून पुढे. ती फक्त आलं का विचारायची. मी पडद्याकडे बघून म्हणायचो, थोडं राहिलं.

शेवटी तिच्याने पाऊल उचलवेना. समोर एक दगड होता, गुडघ्याएवढाच, बऱ्यापैकी चौकोनी. मी म्हणालो, हाच.

तिने विचारलं, नक्की? मी यंत्र दाखवलं. चार सॅटेलाइट. तिने हात जोडले.

पाणी घातलं, हळद वाहिली, पत्रिका ठेवली, वर नारळ. ती तोंडाने काही तरी पुटपुटत होती, अबोलीचं नाव ऐकू आलं. तेवढ्यात मेंढरं घेऊन एक धनगर आला, धुळा नाव. बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून बघत उभा राहिला. मग म्हणाला, आवं पावनं, त्यो मोजणीचा दगुड हाय. सरकारी मान्सं पुरून गेल्यात.

सौ.ने हळद जरा पुसली. खाली बाण कोरलेला होता आणि एक नंबर.

मी धुळाला विचारलं, मग आमचा कोणता. तो म्हणाला, लय हाईत हितं. तुमचा देव तुमालाच ठावं, आमी कुनाच्या देवाला हात लावत न्हाई. त्याने उलट विचारलं, म्हातारबा आलं न्हाईत व्हय? काठीवाले? दर साली एकदा यायचं. मी म्हणालो, गेले. तो म्हणाला, आरारा. आन् तुमाला दावलं न्हाई व्हय त्येंनी?

मी यंत्र बंद केलं. सौ. माझ्याकडे बघत होती. मग तिने पत्रिका नीट केली, नारळ तिथेच फोडला, धुळाला खोबरं दिलं. म्हणाली, मांडलंय तर मांडलंय.

 सांगली येईपर्यंत तिने वऱ्हाडाच्या गाडीचंसुद्धा काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. घरी आल्यावर अबोलीचा फोन आला, तिला म्हणाली, छान झालं हो सगळं, बाबांनी बरोब्बर नेलं.

मला फार लाज वाटली. लिहून ठेवतो, कारण महत्त्वाचं एकूण एक लिहायचं ठरलं आहे.

१३ डिसेंबर, सोमवार

काल लग्न झालं. निर्विघ्न. देव तसा रागावलेला दिसत नाही, किंवा त्यालाही आम्ही कुठे आहोत ते सापडलेलं नाही.

अनीश आला होता. त्याने यंत्राची चौकशी केली. छान चालतंय म्हणालो. मग म्हणाला, काका, तुमच्यानंतर आता मीच ना. आबाआजोबा मला म्हणाले होते, चिंत्याकडनं समजून घे. मी परवा जाणार, तर जागा दाखवायला वेळ नाही. खुणा नुसत्या लिहून द्या, मी पाठ करतो, तीनदा म्हणून दाखवतो.

देतो म्हणालो.

आता कागद घेऊन बसलोय. ही वही मागे चाळली. १८ एप्रिल. वजन आहे. पिठलं आहे. साखरेचा एक कप आहे. चौथा सॅटेलाइट तर दोनदा आहे. काकांनी सांगितलेल्या खुणांचं एकच वाक्य आहे. 'खडक, झाड, कुणाची तरी विहीर, सावली कुठे पडते वगैरे.'

अनीशच्या कागदावर तेवढंच उतरवलं. खडक. झाड. विहीर. विहिरीपुढे नाव लिहायला जागा सोडली आहे. काकांनी नाव सांगितलं होतं, दोनदा. दोन्ही वेळा मी हो हो म्हणालो होतो, ते मला नीट आठवतं.